तोंडावर बोट

लहान मुलं शाळा-शाळा खेळतात तेव्हा नक्की काय खेळतात, ते एकदा उभं राहून बघा. त्यात कुणी शिकत नाही, कुणी शिकवत नाही. एकजण छडी घेतो आणि बाकीचे मुकाट्यानं बसतात. जळगावात माझ्या खिडकीखाली हा खेळ रोज संध्याकाळी चालतो. बाई झालेल्या मुलीचा पहिला हुकूम ठरलेला: "हाताची घडी, तोंडावर बोट." चिल्लीपिल्ली पटकन हात बांधतात, एक बोट ओठांवर ठेवतात आणि खेळ तिथंच संपतो. कारण त्यानंतर शाळेत काय करायचं असतं, ते त्यांना ठाऊकच नसतं. मी खिडकीतून ओरडते, "ए, बोटं काढा रे तोंडावरची." त्यांच्या आया मला खवीस म्हातारी म्हणतात. म्हणू देत.

चारच शब्द आहेत, पण ऐकले की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तीन-चार वर्षांचं पोर घरून काहीतरी सांगायला आलेलं असतं. शेळीला पिल्लू झालं, बापानं कंदील फोडला, रस्त्यात मेलेला साप होता. त्याच्या पोटात ते मावत नसतं, आणि आपण काय शिकवतो, तर आधी तोंड बंद कर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण बहुधा एखाद्या बालवाडीतल्या पोरानंच केली असावी.

नव्वदनंतर आमच्याकडेही बालकांच्या हक्कांची भाषा सुरू झाली. जळगावातल्या अशाच एका शिबिराला मी गेले होते. व्यासपीठावर मोठा फलक होता आणि वक्ते मुलाच्या बोलण्याच्या, ऐकलं जाण्याच्या हक्कावर फार सुरेख बोलत होते. स्वागतगीतासाठी आणलेली बालवाडीची मुलं त्याच व्यासपीठाच्या पायाशी सतरंजीवर बसवलेली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. भाषण संपेपर्यंत. मी उठून एका मुलाचं बोट खाली घेतलं, तर त्याच्या बाईंनी लांबूनच माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्याच्या गळ्यातली साखळीच ओढली. मुलानं बोट परत ओठांवर ठेवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पण माझा राग त्या शिबिरातला नाही. तो त्याच्या कितीतरी आधीचा, दोंडाईच्याचा आहे.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. मी धुळ्यात बालवाडीचा अभ्यासक्रम पुरा केला आणि दोंडाईच्याच्या एका संस्थेत नोकरीला लागले. सगळी संस्था म्हणजे एक पत्र्याची खोली, एक ओटा आणि एक नळ. नळाला पाणी आलं तर आलं. भिंतीवर रंगीत चित्रं काढलेली होती. त्यात अननस होतं, जे आमच्या एकाही मुलानं पाहिलेलं नव्हतं, आणि मिरची मात्र कुठंच नव्हती.

दिवाळीनंतर दोंडाईच्याला गाडीतून उतरणारा माणूस आधी ठसकतो, मग गावाचं नाव वाचतो. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या असतात. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मैदान. लांबवर लाल पसरलेलं, आणि त्याच्या कडेनं तोंडाला फडकी बांधून बायका देठ खुडत बसलेल्या. बऱ्याचजणी साक्रीकडच्या डोंगराळ गावांतून हंगामापुरत्या आलेल्या असत. पोरं त्यांच्याबरोबरच. तान्ही झोळीत, रांगती मिरचीच्या कडेला, आणि चालती-बोलती आयांच्या शेजारी बसून देठ मोडत. कुणी त्यांना मोड म्हणून सांगत नसे. आई जे करते ते करून बघायचं, एवढाच त्यांचा खेळ.

मी नवी होते, अंगात उत्साह होता. पथारीवर जाऊन मी आयांना म्हटलं, पोरं अकरा वाजता माझ्याकडे पाठवा, खेळतील, गाणी म्हणतील, सुकडी खातील. एकजण फडक्याआडून म्हणाली, "आम्हनी पोरे तठे बसतीन का? त्या शेठ लोकसना पोरेसमा?" मी म्हटलं, बसतील, का नाही बसणार. आणि पोरं आली.

बसली, पण कुठं, ते सांगते. आमच्या संस्थेत माझ्या वर एक मोठ्या बाई होत्या. मुलं त्यांना तसंच म्हणत आणि मला ताई. मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. पांढरं स्वच्छ पातळ, वेळेच्या पक्क्या, कुणा मुलाला ताप आला तर स्वतः घरी पोचवायच्या. पण शिस्त म्हटली की त्यांना पुढचं काही दिसत नसे. त्यांनी पथारीची पोरं पाहिली, नाकाला पदर लावला आणि त्यांना दाराजवळ, सगळ्यांच्या मागं बसवलं. कारण सांगितलं की त्यांच्या कपड्यांनी पुढच्या मुलांना शिंका येतात. शिंका येत होत्या हे खरं. पण शिंक आली म्हणून माणूस मागं बसवायचा हा नियम फक्त यांनाच होता. पुढच्या रांगेतल्या एका मुलाला अंगभर खरूज होती. त्याला कुणी हलवलं नाही.

त्या मागच्या रांगेत एक पोर होती. वय चारच्या आसपास, पाचाला टेकलेलं नसावं. केस भुरकट, फ्रॉकची पाठीमागची बटणं गेलेली, तिथं दोऱ्यानं गाठ मारलेली. बोलायची कमी, पण बघायची फार. गाणं पहिल्या दिवशी ऐकलं की दुसऱ्या दिवशी तिला चालीसकट येई. सुकडी वाटताना एखादं लहान पोर रडलं तर ती आपली भरलेली वाटी त्याच्या पुढं सरकवायची आणि त्याची अर्धी वाटी हळूच आपल्याकडे ओढून संपवायची, म्हणजे भांडणच नको. असली हुशारी मी धुळ्याच्या अभ्यासक्रमात कुठं वाचली नव्हती.

तिचं फक्त एक होतं. "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं की ती हाताची घडी घाले आणि तिथंच थांबे. बोट वर येत नसे. मोठ्या बाई म्हणाल्या, "ऐकू येत नाही का?" ती बघत राही. बाईंनी फुटपट्टीनं बोटांवर मारलं, तरी बोट ओठांवर गेलं नाही. नुसती तीच नाही, पथारीची जवळजवळ सगळीच पोरं तशी. कुणी बोट हनुवटीपासून लांब धरे, कुणी मूठ वळून काखेत दडवे. बाई म्हणायच्या, "रानटी आहेत. यांना साधी आज्ञा कळत नाही." एक दिवस त्यांनी स्वतःच त्या पोरीचं मनगट धरलं आणि तिचं बोट तिच्या ओठांवर दाबून धरलं. पोरगी ओरडली नाही. बाईंनी हात सोडल्यावर तिचे ओठ लाल झाले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तिनं डोळे पुसले ते हातानं नाही. मान वळवून खांद्याला पुसले.

ते खांद्याला पुसणं माझ्या डोक्यात राहिलं. मग मी लक्ष देऊन पाहायला लागले, तर मागच्या रांगेतलं एकही पोर तोंडाला हात लावत नव्हतं. सुकडी खायची ती वाटीलाच तोंड लावून. नाक आलं तर खांद्याला. डोळा चुरचुरला तर दंडाला. डास बसला तर कोपरानं. मला वाटलं, चला, ही यांची गावाकडची सवय असेल.

खरं काय ते मला माझ्याच डोळ्यानं शिकवलं. एकदा त्या पोरीच्या तळव्यात काटा रुतला होता. मी ओट्यावर बसून, तिचा हात हातात धरून, सुईनं तो काढला. ती पथारीवरून हात धुऊन आली होती, माझ्यासमोर नळाखालीही धुतले होते. काटा निघाला. मी कपाळावरचा घाम पुसला, डोळ्यात गेलेली बट बाजूला केली, आणि दुसऱ्या क्षणी डोळ्यात निखारा पडल्यासारखी मी ओट्यावर वाकले. नळाकडे धावायला निघाले तर तिनं माझा पदर ओढला. "पानी नको लावू ताई, जास्ती आग व्हई." मग तिनं माझी तेल लावलेली वेणी पुढं ओढली आणि तिचं टोक दंडानं माझ्या डोळ्यावर दाबून धरलं. हात मात्र माझ्या चेहऱ्यापासून लांब ठेवले. त्या उपायानं आग खरंच कमी झाली की वेळ गेल्यानं, मला माहीत नाही. पण ती माझ्यासमोर उभी राहून, डोळा उघडेपर्यंत, "जाई, आते जाई," असं म्हणत होती, जशी तिची आई तिला म्हणत असणार.

मिरची पाण्यानं जात नाही. ती बोटांच्या पेरांत, नखांत बसते. हे त्या पोरांना चालायला लागायच्या आधीपासून माहीत होतं, कारण ज्यानं एकदा डोळ्याला हात लावला तो पुन्हा लावत नाही. आणि आम्ही रोज त्यांना सांगत होतो, ते बोट ओठांवर ठेवा. नाही ठेवलं तर मारत होतो.

मी त्याच दुपारी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. माझा डोळा तेव्हाही लाल होता, म्हणजे पुरावा चेहऱ्यावरच होता. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग हात स्वच्छ धुऊन यावं त्यांनी."

"धुऊन जात नाही बाई."

"मग मिरचीला हात लावू नये."

"आई दिवसभर मिरचीत बसते. पोर कुठं बसेल?"

"मग येऊ नये," बाई म्हणाल्या, आणि हजेरी घ्यायला लागल्या.

मी म्हटलं, निदान या मुलांना बोटाचं सांगू नका. बाई म्हणाल्या, एकाला सूट दिली की सगळे मागतात. मी म्हटलं, मग सगळ्यांनाच द्या की. त्यावर त्या हसल्या. मला कळेना, यात हसण्यासारखं काय होतं. मुलं बोलली तर छप्पर उडून जाणार होतं का?

पुढं जळगावात आल्यावरही मला हीच माणसं भेटत राहिली, फक्त पातळाऐवजी पंजाबी ड्रेसमध्ये. नव्या फॅशनच्या एका बालवर्गात प्रवेशासाठी तीन वर्षांच्या मुलांची मुलाखत घेत. नशिराबादकडच्या एका केळीवाल्याच्या मुलाला विचारलं, केळ्याचा रंग कोणता? तो म्हणाला, हिरवा. त्याच्या मळ्यातून केळी हिरवीच कापली जातात, हिरवीच ट्रकमध्ये चढतात. पिवळं होतं ते दुसऱ्याच्या गावात. त्याला चूक दिली. आईबाप ओशाळून बाहेर पडले आणि बापानं पोराच्या टाळूवर टपली मारली. मी तिथं परीक्षक नव्हते, एका ओळखीच्या बाईंबरोबर गेले होते. पण मी त्या टेबलापाशी असं काही बोलले की पुन्हा मला कुणी तिथं बोलावलं नाही. बरंच झालं.

असो. दोंडाईच्याला परत येते.

संक्रांतीच्या सुमाराला संस्थेत कार्यक्रम ठरला. धुळ्याहून एक मोठे पाहुणे येणार होते, आणि त्यांच्यावर चांगली छाप पडावी ही संस्थेच्या अध्यक्षांची फार इच्छा होती. अध्यक्षांना सगळं गाव नाना म्हणे. नाना म्हणजे गावातले मोठे मिरचीचे व्यापारी. ज्या पथारीवर आमच्या मागच्या रांगेच्या आया बसायच्या, ती पथारी नानांचीच. मोठ्या बाईंनी सुचवलं की पथारीची मुलं त्या दिवशी नकोत. मी म्हटलं, ती नसतील तर मीही नाही, आणि स्वागतगीत मीच बसवलेलं होतं. तेव्हा नाइलाजानं मुलं राहिली. दाराजवळ.

पाहुण्यांना उशीर झाला. मुलं तोवर हाताची घडी, तोंडावर बोट करून बसलेली. एका मुलाला लघवी लागली, ते सांगायला त्यानं तोंड उघडलं तर बाईंनी डोळे वटारले आणि त्यानं जागेवरच केली. नानांनी नाक मुरडलं. मी गाणाऱ्या मुलींना ओट्यावर घेऊन उभी होते. पुढं जे झालं ते मी खिडकीच्या गजांतून पाहिलं.

पाहुणे आले. माणूस साधा, हसरा, मुलांची आवड असलेला. रांगांमधून हिंडत ते दाराजवळ आले आणि त्या पोरीपुढं थांबले. तिची हाताची घडी होती, तोंडावर बोट नव्हतं, त्यामुळं दाराशी अगदी कडेला बसलेली तीच आधी नजरेत भरली. पाहुण्यांनी वाकून हात पुढं केला, "काय गं बेटा, शेकहँड?" तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. पाहुणे हसले, त्यांना वाटलं लाजते. त्यांनी तिचा हात मागून काढून आपल्या हातात घेतला. पोरगी त्यांच्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "मना हात तिखा शे."

मोठ्या बाई मागूनच म्हणाल्या, "श्शू. तोंडावर बोट."

पाहुण्यांनी तिचा हात दोन्ही हातांनी चांगला दाबला, गालगुच्चा घेतला. पत्र्याखाली उकडत होतं. ते सरळ उभे राहिले, चष्मा काढला आणि डोळे पुसले.

मी गर्दीतून आत घुसेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाहुणे खुर्चीत बसून तडफडत होते, कुणी तांब्या आणला, पाणी लागलं तसं ते जास्तच ओरडले. मी म्हणत होते, पाणी नको, पण माझं कोण ऐकतं. थोड्या वेळानं त्यांना जरा बरं वाटलं. त्यांनी रुमालाआडून विचारलं, रागानं नाही, नुसतंच विचारलं, "अहो, मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "काय करणार साहेब, ही पोरं बोलतच नाहीत."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. ज्या मुलीनं सांगितलं तिच्या तोंडावर बोट ठेवायचं, आणि मग जगाला सांगायचं की ती बोलतच नाही. मी म्हटलं, "तिनं सांगितलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं मी." नानांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पाहुण्यांसमोर शोभा नको. पाहुण्यांना बाहेर नेलं, चहा दिला, नारळ दिला, गाडीत बसवलं. स्वागतगीत राहूनच गेलं.

संध्याकाळी आई पोरीला न्यायला आली. मोठ्या बाईंनी ओट्यावरूनच सांगितलं, उद्यापासून हिला आणू नका, आणि तिकडच्या बाकीच्यांनाही सांगा. साहेबांच्या डोळ्यात मिरची घातली तुमच्या मुलीनं. आई घाबरली. पथारी नानांची, शाळा नानांची, साहेब नानांचे. तिनं काही न विचारता पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "तुले तोंड नही का? सांगता नही वनं तुले?"

पोरीनं मान वळवली आणि खांद्याला डोळे पुसले. बोलून काय होतं ते तिनं त्याच दिवशी पाहिलं होतं.

मी आईला सगळं समजावलं. ती ऐकत होती, पण तिचे डोळे मोठ्या बाईंकडेच होते. शेवटी म्हणाली, "जाऊ द्या ताई. आम्हना हात तिखा शेतस तर शेतस." आणि पोरीला काखोटीला मारून निघून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्यासी चार वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांच्या पेढीवर गेले. मला वाटत होतं, बाईंना मिरची कळत नसेल, पण नानांचा जन्म मिरचीत गेलेला. नानांनी चहा मागवला, गोड बोलले. "ताई, तुम्ही तरुण आहात, तळमळ आहे, चांगलं आहे. पण या लोकांना हात धुवायची सवय नाही हो."

मी म्हटलं, "नाना, तुम्ही पथारीवर येता तेव्हा दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभे असता. मी कितीदा पाहिलंय. का हो?"

नाना हसले. "सवय आपली. मिरचीला हात लागला की दिवसभर तोंडाला लावायची सोय नाही."

"त्या पोरीलाही तेवढंच माहीत आहे. तिच्या फ्रॉकला खिसा नाही, इतकाच फरक."

नानांचं हसू जरा कमी झालं. मग म्हणाले, "बघू." आमच्याकडे बघू म्हणजे नाही. वर म्हणाले, "आणि ताई, एवढ्याएवढ्या पोरांना शाळा कशाला? आईजवळच बरी. तिथं काय वाईट आहे?" मिरचीच्या खकाण्यात दिवस काढणारं पोर आईजवळ बरं, आणि त्यांचा स्वतःचा नातू आमच्या पहिल्या रांगेत. मी चहा तसाच ठेवून उठले. माझ्या आयुष्यात चहा टाकून उठण्याचे प्रसंग फार नाहीत.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट त्यावर करायचा नाही. मागची रांग पुन्हा भरली नाही. मी वर्ष संपेपर्यंत तिथं होते. रोज शाळा सुटली की पथारीवर जाऊन मिळतील त्या पोरांना घेऊन बसायचे, गाणी म्हणायची, त्यांचं ऐकायची. होळीच्या आसपास मिरची संपली तशा त्या बायका पोरांना घेऊन गेल्या, कुणी घरी, कुणी गुजरातेत उसाला. ती पोर मला पुन्हा दिसली नाही. मोठ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचा सत्कार झाला, शिस्तप्रिय म्हणून. मला बोलावणं होतं. मी गेले नाही.

पण त्याच दिवशीचं सांगायचं आहे. नानांच्या पेढीवरून मी तरातरा निघाले ती शाळेत गेलेच नाही, थेट पथारीवर गेले. आईला भेटून काय सांगणार होते ते मलाच माहीत नव्हतं. ऊन चढलं होतं. बायका देठ खुडत होत्या, मला बघून एक-दोघींनी मान खाली घातली. पोत्यांच्या थप्पीच्या सावलीत मात्र हालचाल होती.

तिथं ती पोर शाळा-शाळा खेळत होती. बालवाडीतून काढलेली, आणि ज्यांना तिथं कधी कुणी नेलंच नव्हतं अशी चार-पाच पोरं तिनं रांगेत बसवली होती. हातात तुराटीची काडी. ती मोठ्या बाईंसारखी ताठ उभी होती आणि अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाली, "हाताची घडी." पोरांनी हात बांधले. मग ती म्हणाली, "तोंडावर..." आणि पुढचा शब्द न म्हणता तिनं काडी आपल्या खांद्याला लावली. सगळ्या पोरांनी माना वळवल्या आणि ओठ आपापल्या खांद्यावर दाबून धरले. आवाज बंद. एका बारक्याचा खांदा तोंडापर्यंत पोचेना, तर तिनं कोपरानं त्याचा खांदा जरा वर उचलून दिला. सगळ्यांकडे बघून घेतलं. कुणाच्याही ओठाला बोट लागलेलं नव्हतं, आणि कुणीही बोलत नव्हतं.

तेव्हा मला कळलं की तिला आज्ञा मोडायची नव्हतीच. तिनं आधी फुटपट्टीचा मार खाल्ला होता, एका दिवसापूर्वी बोलून पाहिलं होतं, आईचा धपाटा खाल्ला होता. आणि त्यानंतर तिनं बसून तोडगा काढला होता. मोठ्या बाईंनी, नानांनी, साहेबांनी, आम्ही शिकल्यासवरल्या सगळ्यांनी जो काढायला हवा होता, तो चार वर्षांच्या पोरीनं काढला होता. त्याचं मला कौतुक वाटलं नाही. मला संताप आला.

तिनं मला पाहिलं. काडी टाकली. माझ्यापुढं येऊन उभी राहिली, हाताची घडी घातली, तोंड खांद्यावर टेकवलं आणि डोळे माझ्यावर ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली, मला नीट दिसावं म्हणून. मग तोंड वर करून विचारलं, "ताई, आसं चालई का?"

मी खाली बसले. म्हटलं, "नाही चालणार. तोंड कशालाच लावायचं नाही. बोल. मोठ्यानं बोल."

तिला त्यातलं "नाही चालणार" एवढंच कळलं असावं. तिनं पुन्हा मान वळवली, ओठ खांद्यावर पहिल्यापेक्षा घट्ट दाबले, आणि आता बरोबर आहे का म्हणून माझ्याकडे बघत राहिली.